रंगाचा आकडा सोबत गेला नाही

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी तर नाहीच नाही. एकदा एका मित्राला सांगायचं म्हणून छावणीतल्या चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं होतं. तोंड उघडलं — आणि मोटारसायकलच्या टायरांबद्दल बोलून परत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या गुलमंडीत तुमच्या शेजारी उभा राहून मी टॉवेलचा भाव करत असलो तरी तुम्हाला कळणार नाही की हाच तो. म्हणजे कबूल करायलासुद्धा मी बिनधोक्याची जागा शोधली आहे. हे तुमच्याआधी मीच म्हणून टाकतो.

माझं नाव दत्ता. मूळचा फुलंब्रीचा. बरीच वर्षं एसटीनं रोज शहरात ये-जा केली, लग्नानंतर शहरातच राहतो. काम कॉम्प्युटरचं. आमच्या भावकीत कुणाचं वाजलं की म्हणतात, दत्ताला विचारा, तो खरं काय ते सांगेल. लहानपणापासून म्हणतात. खरं तर मी फक्त कमी बोलतो. कमी बोलणारा माणूस खरा असतो, असं लोक का धरून चालतात?

तर मला इरफानबद्दल सांगायचं आहे. नाही — इरफानच्या वडिलांबद्दल. की दोघांबद्दल? थांबा. आधी आमचं काम काय होतं ते सांगावं लागेल, त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. कळलं नाही तर माझ्या सोयीचंच आहे म्हणा. पण आज तसं नको.

इरफान आणि मी इंजिनीअरिंगला एका बाकावर होतो. पुढं एकाच लहानशा कंपनीत लागलो. त्याचं घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, पिढ्यानपिढ्या हिमरू विणणाऱ्यांचं. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेलं आमच्याकडचं कापड. त्याच्या शाली तुम्ही कुठं ना कुठं पाहिल्या असतील. त्याचे वडील हबीबचाचा हातमागावर बसायचे. त्यांच्याकडं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला एक नक्शा होता — डाळिंबाची कळी, तिला वेढलेलं पान, पाच रंग. त्या घरात मी इतक्या वेळा जेवलो आहे की इरफानची आई माझ्यासाठी न विचारता वेगळी भाजी करून ठेवायची. ती असेपर्यंत.

आमच्या कंपनीकडं चिकलठाण्याच्या एका कापड कारखान्याचं काम होतं. तिथले माग कॉम्प्युटरवर चालायचे. कुठला धागा उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, हे कॉम्प्युटर मागाला सांगतो आणि कापडात फूल उमटतं. पण हा कॉम्प्युटर म्हणजे टेबलावरचा डबा नव्हे. एका मोठ्या मशीनच्या पोटात असे तीन-चार नकली कॉम्प्युटर चालत असतात. त्यातला एक मागाचा. आणि ते मोठं मशीन जुनं झालं होतं, तापायला लागलं होतं. म्हणजे त्याच्या पोटातला नकली कॉम्प्युटर उचलून नव्या मशीनमध्ये ठेवायचा होता — माग चालू असताना, एक क्षणही न थांबवता. कारण माग मध्येच थांबला की कापडावर आडवी रेघ उठते. ती धुऊन जात नाही, इस्त्रीनं बसत नाही. कारखान्याच्या मालकाला ती रेघ नको होती.

झोपलेलं बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतात ना, तसं आहे हे. बाळ जागं होता कामा नये. आणि त्याच्या मुठीत खुळखुळा असेल तर तोही मुठीतच राहिला पाहिजे, नाहीतर जागं झाल्यावर ते गाव डोक्यावर घेईल. बाळ उचलणं आता फार अवघड राहिलेलं नाही. नकली कॉम्प्युटरच्या डोक्यात जे काही आहे ते चालू अवस्थेतच थोडं थोडं नव्या मशीनवर उतरत जातं. सगळं उतरत आलं की डोळ्याचं पातं लवण्याइतकी एक विश्रांती येते, आणि त्या विश्रांतीत मुठीतल्या वस्तू इकडून तिकडं द्यायच्या. अवघड ते असतं. कारण प्रत्येक मुठीत काय आहे, ते मूठ बनवणाऱ्यानं आधीच लिहून द्यावं लागतं. जे लिहिलं नाही ते जात नाही. आणि वाईट म्हणजे ते गेलं नाही असं कुणी ओरडतही नाही. पलीकडं तिथं शून्य असतं, आणि काम पुढं सुरू होतं.

मागाला जोडणारी ती मूठ, म्हणजे कॉम्प्युटर आणि मागाच्या मधलं नकली कार्ड, इरफाननं लिहिलं होतं. कार्डाच्या लक्षात दोन गोष्टी असायच्या. नक्श्याची कितवी ओळ चालू आहे, आणि आता कितव्या रंगाचा धागा ओढायचा आहे. ओळीचा आकडा नव्या मशीनवर जायचा. रंगाचा जात नव्हता. सुरुवातीला कारखाना एकरंगी पडद्यांचं कापडच विणायचा, तेव्हा रंगाचा प्रश्नच आला नव्हता. मग हबीबचाचांचा पाच रंगांचा नक्शा आला.

तो कसा आला, हे सांगितलंच पाहिजे. इरफाननं वर्षभर बापाच्या मागं लागून आणला. चाचा म्हणायचे, हातमागाचा नक्शा मशीनला द्यायचा म्हणजे पोरगी विकण्यासारखं आहे. गल्लीतले बाकीचे विणकर तर त्यांच्याशी नीट बोलेनासे झाले. पण हातमागावर महिनाभर विणलेल्या शालीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आणि इरफान रोज म्हणायचा, अब्बू, एक फूलही बिघडणार नाही, माझी जबान. शेवटी चाचा तयार झाले — मशीनवर विश्वास ठेवून नव्हे, पोराच्या शब्दावर. हातमाग त्यांनी उतरवून ठेवला. लाकडं माळ्यावर गेली.

त्या आठवड्यात आमच्या साहेबांनी ठरवलं की कॉम्प्युटर हलवायचा तो सगळ्यांसमोर, भर दिवसा, चाचांचं कापड विणलं जात असतानाच. दुसऱ्या कारखान्यांचे लोक बोलवायचे. एवढं जमलं तर आम्हाला आणखी कामं मिळणार होती, आणि मला नव्या कामांचा प्रमुख करायचं साहेबांच्या मनात होतं. हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी इरफानला सांगितलं नव्हतं.

आणि आदल्या दिवशी इरफाननं मला त्याच्या खुर्चीशी बोलावलं. स्क्रीनवर एक छोटंसं कुलूप लिहिलेलं होतं. म्हणजे असं — रंगाचं काम नीट होईपर्यंत कुणी हा कॉम्प्युटर हलवायला गेला, तर तो हलायचाच नाही, आणि पडद्यावर एक ओळ यायची: 'थांबा भाऊ, रंगाचा आकडा अजून सोबत येत नाही.' 'भाऊ' वाचून मी हसलो होतो. कामाच्या प्रोग्राममध्ये 'भाऊ' कोण लिहितं?

"हे मी आत्ताच चढवतो," तो म्हणाला. "रंगाचं नीट करायला दोन्ही मशीनवर नवं सॉफ्टवेअर पायजे, अन् जुनं मशीन बंद केल्याशिवाय ते होत नै. तोवर कुलूप राहू दे."

मी म्हणालो, "आज नको चढवू. उद्याचा कार्यक्रम होऊ दे."

"रंग सरकंल, दत्ता. अब्बूचं कापड आहे यार."

आता माझी अक्कल पाहा. मी त्याला म्हणालो, रंगाचा आकडा जात नाही म्हणजे पलीकडं शून्य असतं ना? मग इकडंही शून्य, म्हणजे पहिल्याच रंगाची पाळी, असेल तेव्हा मी बटण दाबतो. शून्याच्या जागी शून्य. काय बिघडलं? त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "तू बघशील ना पण?" मी म्हणालो, बघतो. त्यानं स्क्रीन बंद केली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. बटण दाबलं की हलवणं सुरू होतं. ती शेवटची विश्रांती, ज्यात मुठी रिकाम्या होतात, ती कधी येईल ते बटण दाबणाऱ्याच्या हातात नसतं. डोक्यातलं सगळं उतरायला लागेल तेवढा वेळ लागतो, आणि माग तर चालूच असतो, रंग बदलतच असतात. हे या धंद्यातलं पोरगंसुद्धा सांगेल. मला माहीत नव्हतं का? मला माहीत होतं. त्या दिवशी ते माझ्या आड येत होतं, म्हणून मी तिकडं पाहिलं नाही.

कार्यक्रम झकास झाला. शून्य बघून मी बटण दाबलं. माग खडखड चालत राहिला, एकदाही अडखळला नाही. जुनं मशीन बंद केलं तरी माग चालू, हे बघून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचा धुतलेला सदरा घालून आले होते. इरफान त्यांच्या कानाशी लागून काय काय समजावत होता. चाचा मला म्हणाले, "क्या जादू करा रे तू, दत्ता." आणि मी — मी 'इरफाननं केलं' असंही म्हटलं नाही. ते श्रेयही मीच घेतलं.

त्या मागावर कापडाची सुलटी बाजू खाली असते. वरून बघणाऱ्याला उलटे धागेच दिसतात. त्यामुळं कुणालाच काही दिसलं नाही. रोल उतरवून लांब टेबलावर सुलटा पसरला तेव्हा दिसलं. एका जागेपर्यंत डाळिंबाची कळी लाल, पान हिरवं, जसं असायला हवं तसं. तिथून पुढं सगळ्या रोलभर कळी हिरवी, काठाला लाल, आणि काठाचं सोनेरी फुलाच्या पोटात. आकार शाबूत होता, एक ओळही चुकली नव्हती. फक्त रंग एका घरानं सरकले होते. मी इतकं कुरूप कापड पाहिलेलं नाही. चाचा टेबलाच्या कडेला हात ठेवून उभे होते. ते इरफानकडं बघत होते, कापडाकडं नाही.

मालकानं नक्शा परत केला. चाचा, तुमचं काम मशीनला झेपत नाही, म्हणाला. पुन्हा पडदे विणायला लागला. गल्लीत काय काय बोललं गेलं असेल ते मला कधी नीट कळलं नाही, पण चाचांनी काही दिवस नमाजालाही दुसऱ्या गल्लीतून जायला सुरुवात केली होती, एवढं मी पाहिलं.

आणि मग साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

त्याच सकाळी मला बंगळूरहून एक फोन आला होता. एक बाई बोलत होत्या. इरफान त्यांच्या कंपनीत येऊ इच्छितो, त्यानं ओळखीचा माणूस म्हणून तुमचं नाव दिलंय, तो कसा आहे? चांगला आहे, एवढं म्हणून मी फोन ठेवला. आम्ही दोघांनी स्वतःची कंपनी काढायची, हे कॉलेजपासून ठरलेलं होतं. त्याच छावणीतल्या टपरीवर ठरलं होतं, नावसुद्धा ठरलं होतं. आणि हा मला न सांगता निघाला? ज्याला भाऊ मानलं त्यानं केसानं गळा कापला, असं मला वाटलं. खरंच वाटलं, पोटातून वाटलं. त्यानं अख्ख्या जगातून ओळखीचा म्हणून माझंच नाव दिलं होतं, हे मला फार नंतर सुचलं. पण हे मी तुम्हाला का सांगतोय? माझा गुन्हा हलका व्हावा म्हणून? तसं असेल तर पुसून टाका. तो फोन आला नसता तरी मी तेच केलं असतं, असं मला अलीकडं वाटतं.

साहेब म्हणाले, रंगाचं माहीत होतं तर हलवू का दिलं? इरफान म्हणाला, कुलूप लिहून तयार होतं, दत्तानं थांब म्हटलं म्हणून चढवलं नाही. साहेब म्हणाले, आता काय, आज लिहून दाखवशील आणि म्हणशील तेव्हाचं आहे. इरफान म्हणाला, "विचारा ना त्याला. इथंच बसलाय."

आणि मी म्हणालो, "असं काही बोलणं झालं नव्हतं."

एवढंच. एवढंसं वाक्य आहे. इरफान चिडला असता तर बरं झालं असतं, अंगावर आला असता तर फारच बरं. तो फक्त म्हणाला, "दत्ता?" — हाक मारल्यासारखं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो. ते लागत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. नोकरीच्या जागी माणसं खोटं बोलतात, एकमेकांना पुढं करतात, जगभर चालतं हे. इरफानला तशीही दुसरी नोकरी लागलीच होती. त्याची भाकरी मी काढून घेतली नाही. मी काय काढून घेतलं, ते पुढं आहे.

काही दिवसांनी हबीबचाचा फुलंब्रीला आले. एसटीनं, एकटे. आमच्या दारात उभे. माझी आई त्यांना ओळखायची. इरफानच्या बहिणीच्या लग्नात भेटले होते. तिनं खुर्ची दिली, चहा ठेवला. चाचांनी चहा घेतला नाही. मला म्हणाले, "बेटा, इरफान बोलता, तू उसकू रोका था. मैं उसका बाप हूं, मेरेकू तो उसीचकी बात सच लगती. पर तेरे मुंह से सुनना था. कसम-वसम नक्को. बस बोल."

मी काही बोलायच्या आधी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाली, "भाईजान, माझा दत्ता खोटं बोलत नाय. लहानपणापासून नाय. तो जे सांगंल ते खरंच समजा."

ती पदराला हात पुसत होती. किती अभिमानानं म्हणाली ती! आता तिच्यासमोर मी काय करायचं होतं? — बघा, पुन्हा तेच. जसं काही आईनंच माझ्या तोंडात खोटं घातलं. तिनं फक्त तिला जे खरं वाटत होतं ते सांगितलं. खोटं मी बोललो. मी म्हणालो, "नाही चाचा. मी नाही रोखलं. मला माहीतच नव्हतं."

चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दोस्त हो के बी सच बोल्या तू," म्हणाले. "मेरा खून हो के वो झूठ बोल्या." मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो.  एसटी हलल्यावर खिडकीतून त्यांनी मला हात केला.

इरफान बंगळूरला गेला. जाताना बापानं त्याला सांगितलं होतं, कापड बिघडलं त्याचं काही नाही. खोटं बोललो असं कबूल कर, मग ये. त्यानं कबूल केलं नाही. कसं करणार? जे केलंच नाही ते? तेव्हापासून तो त्या घरात आलेला नाही. पहिली काही वर्षं ईदला फोन करायचा, चाचा उचलायचे नाहीत. मग त्यानं करणं सोडलं.

माझ्या लग्नात चाचा आले. त्या रोलचा सुरुवातीचा भाग, जिथपर्यंत रंग बरोबर होते तो, त्यांनी मालकाकडून मागून घेतला होता. त्याची शाल करून, काठ हातानं शिवून आणली होती. सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर घातली आणि म्हणाले, ये मेरा सच्चा बेटा है. आमचे पाव्हणे भारावले. आई रडली. हिवाळ्यात बायको अजून ती शाल काढते, कौतुकानं पांघरते. मी ती कधीही अंगावर घेत नाही. मला उकडतं म्हणतो.

आणखी एक. इरफान गेल्यावर रंगाचं काम मीच नीट केलं. नव्या कार्डाला आता रंगाचा आकडा सोबत न्यायला येतो. जुनी कार्डं काही कारखान्यांत अजून आहेत, त्यांच्यासाठी मी कुलूपही चढवलं — माझ्या नावानं. त्यावर काय लिहायचं, याचा विचार करत बसलो, दुसरं काही सुचेना. आजही कुणी जुन्या कार्डाचा कॉम्प्युटर हलवायला गेला तर पडद्यावर येतं: 'थांबा भाऊ, रंगाचा आकडा अजून सोबत येत नाही.' नवी मुलं हसतात. दत्ता सर काय गोड लिहितात, म्हणतात. मी त्यांना हसू देतो.

आणि चाचांचं काय? चाचांचं सगळं मी करतो. हे चांगुलपणानं करतो असं समजू नका. ते आपल्या धाकट्या भावाच्या कुटुंबात राहतात, पण डॉक्टरकडं न्यायला मी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, एकाचं ऑपरेशन केलं, तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी 'तुम्ही मुलगा का?' असं विचारलं आणि माझ्याआधी चाचाच म्हणाले, "हौ." नवा फोन मी घेऊन दिला, नंबर मी भरून दिले. इरफानच्या नावाशी आलो तेव्हा थांबलो. चाचा म्हणाले, "रहने दे. करता नै मैं, पर रहने दे." मी तो नंबर भरला. तेव्हा मला वाटलं, एवढं तरी मी नीट केलं.

दरवर्षी ईदला मी त्यांच्याकडं शीरखुर्मा खायला जातो. या रमजानात एका संध्याकाळी रोजा सुटायच्या वेळी मी फळं घेऊन गेलो होतो, तेव्हा चाचा आपण होऊन बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं. "अब गुस्सा नै रहा रे दत्ता. थक गया. झूठ बोल्या तो बोल्या, बच्चा था. इस ईद पे फोन करा उनने, तो उठा लेऊंगा." मग म्हणाले, "करेगा क्या?" मी म्हणालो, करेल की.

तिथं मी सांगू शकलो असतो. म्हातारा माणूस माफ करायला बसला होता — ज्यानं काही केलंच नाही त्याला. मी म्हणायला हवं होतं, चाचा, तो नव्हे, मी. मी संत्री सोलून त्यांच्या हातात देत राहिलो.

मग ईद झाली. मी सकाळीच गेलो. नवा सदरा, अत्तर, पोरंबाळं आत-बाहेर करत होती. चाचांनी मला आपल्याशेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं वाटी भरून दिली. आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, मग माझ्याकडं दिला. "देख रे, कौन है?"

पडद्यावर नाव होतं. मीच भरलेलं. इरफान.

काय आलं माझ्या मनात? ते दोघं बोलतील, आणि बोलता बोलता त्या दिवसावर येतील. आता राग नाही म्हटल्यावर चाचा ऐकून घेतील. आणि ऐकलं की त्यांना पटेल, कारण तो त्यांचा मुलगा आहे, आणि फुलंब्रीला आले तेव्हाही त्यांना त्याचंच खरं वाटत होतं. मग ते माझ्याकडं वळून बघतील. एवढं सगळं एका वाजण्यात मनात आलं. फोन माझ्या हातात वाजत होता. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते. ते वाट बघत होते. स्पष्ट दिसत होतं, ते वाट बघत होते.

मी म्हणालो, "कंपनीवाले हैं, चाचा. कुछ बेच रे होंगे."

आणि कट केला. तो पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. मग यादीतून ते दोन्ही फोन पुसले, आणि फोन त्यांच्या खिशात ठेवून दिला.

"ईद के दिन बी चैन नै इनकू," चाचा म्हणाले. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग पातेल्यात डाव घातला. "और दूं, बेटा?"

मी वाटी पुढं केली.